रक्ताचे गोठणे आणि वाहणे

घोणस चावलेला शेतकरी ग्रामीण रुग्णालयात आणला गेला, म्हणजे त्याच्या शिरेतून थोडे रक्त काढून ते स्वच्छ व कोरड्या काचेच्या नळीत ओततात आणि ती नळी वीस मिनिटे मुळीच न हलविता ठेवून देतात. नळी काचेचीच हवी. प्लॅस्टिकची चालत नाही, कारण काचेच्या स्पर्शानेच रक्ताला गोठण्याची चालना मिळते. वीस मिनिटे झाली, की नळी एकदाच कलती करून पाहावयाची. निरोगी माणसाचे रक्त एव्हाना घट्ट होऊन तळाशी बसलेले असते. विष अंगात भिनले असेल, तर मात्र ते पाण्यासारखे वाहत येते. अशा रोग्याच्या हिरड्यांतून रक्त झिरपू लागते, लघवी लाल होते, सुई टोचलेली जागा भरून येत नाही. घोणशीचे विष रक्त गोठू देत नाही, असा निष्कर्ष कोणीही काढील.

पण आता दुसरा एक प्रयोग पाहावा. १९३४ साली लंडनमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट या दोघांनी ह्याच घोणशीचे विष दहा हजार पट पातळ केले आणि हिमोफिलियाच्या रोग्यांच्या रक्तावर त्याची परीक्षा केली. हिमोफिलिया म्हणजे जन्मतःच रक्त न साखळण्याचा रोग. साधा दात काढला तरी असा रोगी दिवसचे दिवस रक्त गाळीत राहतो. विषाचा थेंब पडताच ते हट्टी रक्त काही सेकंदांत घट्ट झाले. विषाचा बोळा दाताच्या खळगीत दाबून धरला, तेव्हा रक्त थांबले. पुढे हेच विष औषध म्हणून बाटल्यांतून विकले गेले, आणि आजही रक्ताच्या एका विशिष्ट तपासणीसाठी प्रयोगशाळांत ते वापरले जाते. तेव्हा घोणशीचे विष रक्त गोठविते की गोठू देत नाही? दोन्ही विधाने खरी आहेत. ती एकाच वेळी खरी कशी, हे समजून घेण्यासाठी वैद्यकाला दीडशेहून अधिक वर्षे लागली, आणि त्या वाटेवर कोंबड्या, कुत्री, ससे, उंदीर व माकडे यांनी जे सोसले त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

या विषाच्या नावाशी ज्याचे नाव जोडले गेले तो पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश वैद्य कोरोमंडलच्या किनाऱ्यावर कंपनी सरकारच्या चाकरीत होता. सापांची चित्रे, वर्णने आणि कुत्र्याकोंबड्यांवरील दंशाचे प्रयोग त्याने आपल्या १७९६ सालच्या ग्रंथात एकत्र केले. त्याच्या थोडे आधी, १७८१ साली, इटलीतील फेलिचे फोंताना याने युरोपातील व्हायपर सापाचे विष सशाच्या शिरेत सरळ सोडून पाहिले होते. ससा तत्काळ मेला आणि त्याच्या शिरांतले रक्त गोठलेले आढळले. कलकत्त्याचे जोझेफ फेरर यांच्या नजरेस मात्र उलट गोष्ट आली. नागाच्या दंशाने मेलेल्या जनावराचे रक्त मृत्यूनंतर गोठते, घोणशीच्या दंशाने मेलेल्याचे पातळच राहते. त्यांचा भारतीय विषारी सापांवरील सचित्र ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध झाला. एकाने गोठलेले रक्त पाहिले, दुसऱ्याने वाहते. आणि दोघेही चांगले निरीक्षक होते.

या कोड्याची किल्ली प्रथम सापाच्या विषात सापडलीच नाही. १८८०च्या दशकात लिओनार्ड वूलड्रिज हा तरुण इंग्रज संशोधक प्राण्यांच्या ऊतकांचा अर्क काढून तो कुत्र्यांच्या शिरेत सोडीत असे. अर्क भरकन सोडला, तर शिरांतले रक्त जागच्या जागी गोठून कुत्रा मरे. तोच अर्क सावकाश, थोडा थोडा सोडला, तर कुत्रा जगे. पण त्याचे रक्त काढून भांड्यात ठेवले असता ते गोठतच नसे. वूलड्रिज १८८९ साली ऐन तिशीत वारला. १८९३ साली सिडनीच्या चार्ल्स मार्टिन यांनी ऑस्ट्रेलियातील काळ्या सापाचे विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग केले, तेव्हा नेमके तेच चित्र दिसले. मोठी मात्रा दिली तर आत गुठळ्या. लहान मात्रा दिली तर आधी थोडा वेळ रक्त अधिकच गोठाळू होते, आणि त्यानंतर कितीतरी वेळ ते गोठेनासे होते. हेच मार्टिन पुढे १९०५ साली प्लेगच्या संशोधनासाठी मुंबईस आले होते.

याचा अर्थ ज्या घरात दही घुसळले जाते तेथे सहज समजेल. रक्तरसात फायब्रिनोजेन नावाचे एक प्रथिन विरघळलेले असते. जखम झाली, की त्याचे फायब्रिनच्या चिवट धाग्यांत रूपांतर होते. धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी बनते. यकृत हे प्रथिन तयार करते, पण त्याचा साठा मर्यादित. लोणी काढून घेतल्यावर ताक कितीही घुसळले तरी त्यातून पुन्हा लोणी येत नाही. विषाने शरीरभर बारीक बारीक गुठळ्या बनवून फायब्रिनोजेन आणि त्याच्या जोडीची इतर द्रव्ये खर्च करून टाकली, की उरलेले रक्त हे असे लोणी काढलेले ताक असते. त्यातच शरीर त्या गुठळ्या विरघळविण्याचे कामही लगोलग हाती घेते, आणि विरघळलेल्या धाग्यांचे तुकडे नव्या गुठळीच्या आड येतात. घोणशीचे विष रक्त गोठविते, आणि म्हणूनच ते पुढे गोठत नाही. वाहणारे रक्त हा गोठण्याचाच शेवटचा अंक आहे. फोंतानाने पहिला अंक पाहिला, फेररने अखेरचा.

घोणशीच्या विषातील कोणते घटक हे करतात, तेही आता ठाऊक आहे. रक्त गोठण्याच्या साखळीतील दहाव्या क्रमांकाच्या द्रव्याला एक घटक जागे करतो, पाचव्याला दुसरा. आणि तिसरे काही घटक केशवाहिन्यांच्या भिंतीच पोखरतात. एकीकडे बांध घालण्याची माती संपली, दुसरीकडे तीर ढासळला. मूत्रपिंडे निकामी होतात. ब्रह्मदेशात आणि दक्षिण भारतात तर दंशातून वाचलेल्या काही रोग्यांच्या मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तस्रावाने जळून गेल्याचे आढळले आहे. अशी माणसे पुढे महिनोन्महिने निस्तेज, केस गळलेली, थंडीने गारठणारी अशी दिसतात, आणि याचा सापाशी संबंध आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

मुंबईचा या कथेतील वाटा लहान असला तरी महत्त्वाचा आहे. परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे १९२५ पासून जिला हाफकिन संस्था म्हणतात तेथे, विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज लॅम्ब यांनी नाग आणि घोणस यांच्या विषांचा रक्तावरील परिणाम तपासला आणि नागाच्या विषावर तयार केलेली लस घोणशीवर चालत नाही हे दाखवून दिले. आज भारतात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवरची असते; घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तरसातून ती काढतात. तिच्या एका मिलिलिटरने घोणशीचे ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ केले पाहिजे असा दंडक आहे, आणि तो पाळला गेला की नाही याचा निवाडा आजही उंदीर देतात: विष आणि लस मिसळून टोचल्यावर किती उंदीर जगले, किती मेले. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने दगावली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला आहे. हा आकडा समोर असता त्या उंदरांचा प्रश्न गौण वाटेल. पण उंदराचे रक्त माणसाच्या रक्ताप्रमाणेच वागते काय, हा प्रश्न मात्र गौण नव्हे. कुपीवरील उंदराचा कौल आणि खाटेवरील माणसाचा अनुभव यांत अंतर पडू शकते. शिवाय घोणशीचे विष प्रांतागणिक बदलते. सिंहलद्वीपातील घोणस स्नायूही लुळे करते, ही गोष्ट आपल्याकडील दंशात क्वचितच दिसते.

सापाचे विष बाहेरून येते. परंतु हाच प्रकार विषावाचूनही घडतो, असे ध्यानात आणून दिले ते सशांनी. इटलीचे जुझेप्पे सानारेल्ली हे पटकीवर संशोधन करीत होते. १९२४ साली त्यांनी सशाच्या शिरेत पटकीचे जंतू इतक्या अल्प प्रमाणात सोडले की सशाला त्याचे काही वाटू नये. चोवीस तासांनी त्यांनी दुसऱ्याच एका निरुपद्रवी जंतूचा अर्क टोचला. ससा कोसळला आणि त्याच्या आतड्यांत जागोजाग रक्तस्राव झालेला आढळला. चार वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये ग्रेगरी श्वार्ट्झमन यांनी हाच प्रयोग अधिक सुटसुटीत केला. विषमज्वराच्या जंतूंचा गाळलेला अर्क त्यांनी सशाच्या पोटाच्या कातडीत टोचला. तेथे थोडी लाली आली, इतकेच. दुसऱ्या दिवशी तोच अर्क शिरेत दिला. काही तासांतच पोटावरची ती जागा, आणि फक्त तीच जागा, काळीनिळी पडली. आत पाहता लहान वाहिन्या पांढऱ्या पेशी व रक्तबिंबिकांच्या गुठळ्यांनी बुजलेल्या होत्या, आणि भोवती रक्त पसरले होते. दोन टोचण्यांमध्ये सुमारे एक दिवसाचे अंतर आवश्यक होते. फार आधी किंवा फार उशिरा टोचले, तर काहीच घडत नसे.

दोन्ही टोचण्या शिरेतच दिल्या, तर दोन्ही मूत्रपिंडांची बाहेरची साल सबंध मरून जात असे, कारण रक्त गाळणारे तेथील सूक्ष्म झुबके फायब्रिनने बुजून जात. येथे एका बाबीकडे प्रसूतिवैद्यांचे विशेष लक्ष गेले. ससाण गाभण असेल, तर दोन टोचण्यांची गरजच पडत नसे. एकीनेच काम भागे. वार अकाली सुटल्यामुळे किंवा गर्भपातानंतर जंतू शिरल्यामुळे दगावलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे शवविच्छेदनात ज्यांनी पाहिली होती, त्यांना सशाचे मूत्रपिंड पाहताच ओळख पटली. अशी स्त्री रक्तस्रावाने जाते, तिच्या शरीरातून थांबता न थांबणारे रक्त वाहते, आणि तरी तिच्या मूत्रपिंडात, फुप्फुसात गुठळ्या असतात. १९६५ साली डोनाल्ड मकके यांनी या सर्व प्रकारांना एका सूत्रात ओवणारा ग्रंथ लिहिला. शरीरभर पसरलेले हे अंतर्गत गोठणे हा स्वतंत्र रोग नव्हे. अनेक रोग ज्या एका अरुंद गल्लीतून मृत्यूकडे जातात ती ही गल्ली, असे त्यांचे प्रतिपादन होते.

सशांच्या प्रयोगातील सर्वांत बोलका भाग मिनेसोटा विद्यापीठात घडला. तेथे लुइस टॉमस आणि रॉबर्ट गुड यांनी १९५०च्या सुमारास दोन गोष्टी दाखविल्या. युद्धातील विषारी वायूपासून निघालेले नायट्रोजन मस्टर्ड देऊन सशाच्या पांढऱ्या पेशी आधीच नाहीशा केल्या, तर पोटाचा डाग उमटत नाही आणि मूत्रपिंडेही शाबूत राहतात. तसेच, रक्त गोठू न देणारे हेपारिन वेळेवर दिले, तरीही ससा वाचतो. पहिल्या गोष्टीवरून कळले की जंतूंचा अर्क स्वतः काही जाळीत नाही. त्याला पाहून चवताळलेल्या सशाच्या स्वतःच्या पेशी जाळपोळ करतात. दुसरीवरून कळले की ही जाळपोळ रक्त गोठण्याच्या वाटेने होते. दाह आणि गोठणे यांची सांगड येथे प्रथम हाताला लागली. टॉमस पुढे निबंधकार म्हणून विख्यात झाले, आणि जंतूंपेक्षा जंतूंविरुद्ध आपणच उभारलेला शस्त्रसंभार माणसाला अधिक मारतो, हा विचार त्यांनी सामान्य वाचकांपर्यंत पोहोचविला. त्याचे मूळ या सशांत आहे.

ही सांगड निसर्गाने का घातली असावी, याचे उत्तर एका अतिप्राचीन समुद्रजीवाने दिले. घोड्याच्या नालेसारखी पाठ असलेला हा प्राणी आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावर आढळतो. इंग्रजीत त्याला खेकडा म्हणत असले, तरी तो नात्याने कोळी आणि विंचू यांना जवळचा. १९५६ साली अमेरिकेतील वुड्स होल येथे फ्रेडरिक बँग यांनी त्याच्या शरीरात एका जातीचे समुद्रातील जंतू टोचले, तेव्हा त्याचे निळसर रक्त आतल्या आत गोठून तो मेला. या प्राण्याच्या रक्तात मुख्यतः एकाच जातीची पेशी असते. जंतू ओळखणे, त्यांवर तुटून पडणे आणि गुठळी करून जखमेचे दार बंद करणे, ही सारी कामे तीच करते. ज्या ठिकाणाहून पाणी आत येते तेथूनच जंतूही येणार. मग दोन पहारेकरी कशाला ठेवावयाचे? पुढच्या प्राण्यांत ही कामे निरनिराळ्या पेशींनी व द्रव्यांनी वाटून घेतली, पण जुनी भाऊबंदकी सुटली नाही. माणसाच्या पांढऱ्या पेशीला जंतू दिसला, की ती रक्त गोठविणारे द्रव्य आपल्या अंगावर आजही धारण करते. लहान जखमेत हे उपकारक आहे. तेच जंतू रक्तातून सर्वत्र पोहोचले, की प्रत्येक केशवाहिनीत दार बंद करण्याची धावपळ सुरू होते.

यानंतरचा अध्याय ओक्लाहोमातील बबून माकडांचा आहे, आणि तो सर्वांत आशेचा व सर्वांत निराशेचा आहे. रक्त गोठण्याला लगाम घालणारे एक द्रव्य शरीरात स्वभावतःच असते, त्याला प्रथिन सी म्हणतात. १९७६ साली ते प्रथम वेगळे करण्यात आले. हे ज्या अर्भकात जन्मतः मुळीच नसते, त्याच्या कातडीवर जन्मानंतर थोड्याच अवधीत काळेनिळे चट्टे उठतात, सशाच्या पोटावरच्या डागांसारखे. फ्लेचर टेलर, चार्ल्स एस्मॉन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग असे होते. बबूनच्या शिरेत आतड्यातील सामान्य जंतू प्रचंड संख्येने सोडले, तर तो हमखास मरे. जंतूंच्या जोडीने जागृत केलेले प्रथिन सी दिले, तर तो वाचे. उलट, ज्या मात्रेने बबून मरत नाही अशा थोड्या जंतूंबरोबर त्याच्या स्वतःच्या प्रथिन सीला निकामी करणारे प्रतिद्रव्य दिले, तर तो मरे. पुराव्याच्या दृष्टीने याहून स्वच्छ प्रयोग मिळणे कठीण.

तथापि त्याच प्रयोगशाळेने १९९१ साली आणखी एक गोष्ट जाहीर केली, आणि तिच्याकडे जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेले नाही. दहाव्या द्रव्याचे एक बोथट केलेले रूप बबूनला दिले असता रक्त गोठण्याची सारी प्रक्रिया थांबली, फायब्रिनोजेनचा साठा शाबूत राहिला. आणि बबून मेलेच. म्हणजे गोठणे थांबविल्याने रोग थांबला नाही. प्रथिन सी जे बबून वाचवीत होते, ते केवळ रक्त पातळ ठेवून नव्हे. वाहिन्यांच्या अस्तरपेशींना शांत ठेवण्याचे दुसरे एक काम ते करीत असले पाहिजे. सशाने जी सांगड दाखविली होती तिचे दोन धागे बबूनने पुन्हा वेगळे करून दाखविले.

जागृत प्रथिन सीचे औषध झाले. १६९० रोग्यांवर घेतलेल्या त्याच्या परीक्षेचा निकाल २००१ साली प्रसिद्ध झाला. रक्तात जंतू भिनून अवयव निकामी होऊ लागलेले हे रोगी होते. औषध न मिळालेल्यांपैकी शेकडा ३०.८ अठ्ठावीस दिवसांत मेले. औषध मिळालेल्यांपैकी २४.७. गंभीर रक्तस्राव मात्र शेकडा दोनवरून साडेतीनवर गेला. त्याच वर्षी अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. त्याच्याच आसपास, बबूनमध्ये यशस्वी ठरलेल्या एका दुसऱ्या नैसर्गिक रक्षकद्रव्याची मोठी परीक्षा झाली, तिसऱ्याचीही झाली. दोहोंत औषध घेतलेले आणि न घेतलेले जवळजवळ सारख्याच संख्येने मेले. प्रथिन सीबद्दलही शंका वाढत गेल्या. मुलांवरील परीक्षा २००५ साली थांबवावी लागली. शेवटी पुन्हा सुमारे सतराशे रोग्यांवर नवी परीक्षा घेण्यात आली. तीत औषध घेतलेल्यांपैकी २६.४ आणि न घेतलेल्यांपैकी २४.२ टक्के मृत्यू पावले, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये औषध बाजारातून मागे घेण्यात आले. दहा वर्षे ते अतिदक्षता विभागांतून वापरले जात होते.

बबूनने खोटे सांगितले काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने बरोबर दिले. प्रश्न असा होता की धडधाकट, तरुण प्राण्याच्या रक्तात एका ठराविक घटकेला जंतूंचा लोंढा सोडला आणि जवळजवळ त्याच घटकेला औषध दिले, तर काय होते? रुग्णालयात येणारा रोगी साठीच्या आसपासचा असतो. त्याला मधुमेह असतो, यकृताचा आजार असतो, एखादी शस्त्रक्रिया झालेली असते. जंतू त्याच्या रक्तात केव्हा शिरले हे कोणास ठाऊक नसते, आणि तो दाराशी येतो तेव्हा दुसरी टोचणी केव्हाच होऊन गेलेली असते. सशाला हेपारिनने वाचविणाऱ्या वैद्यांची अशीच निराशा आधीच्या पिढीतही झाली होती. घोणस चावलेल्या रोग्यांनाही हेपारिन देऊन पाहण्यात आले, आणि त्याचा उपयोग झाला नाही. कारण विष आपले काम हेपारिनला वळसा घालून करीत राहते. लसीने विषच बांधून टाकावे लागते. ते एकदा बांधले गेले, की यकृत सुमारे सहा तासांत गोठण्यापुरते फायब्रिनोजेन पुन्हा तयार करते, म्हणून नळीची परीक्षा सहा सहा तासांनी करण्याची पद्धत आहे.

प्राण्याप्राण्यांतील अंतर आणखी एका बाजूने मोजता येते. जंतूंच्या आवरणातील विष माणसाला किलोमागे दोनचार नॅनोग्रॅम दिले, तरी त्याला हुडहुडी भरून ताप येतो. उंदीर मारण्यास तेच विष मिलिग्रॅमच्या मापाने द्यावे लागते, म्हणजे जवळजवळ दशलक्ष पट. जमिनीलगत घाणीत नाक खुपसून जगणाऱ्या प्राण्याने जंतूंना इतके बिचकून कसे चालेल? २०१३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एका मोठ्या संशोधकगटाने लिहिले की दाहाच्या वेळी उंदराची जनुके आणि माणसाची जनुके यांच्या वागण्यात जवळजवळ काहीच साम्य नसते. त्याच नियतकालिकात २०१५ साली जपानच्या दोघा संशोधकांनी तीच आकडेवारी दुसऱ्या रीतीने मांडून लिहिले की साम्य पुष्कळच आहे. आकडे तेच, निष्कर्ष परस्परविरुद्ध. यावरून कोणी प्राण्यांवरील सारे प्रयोग निरर्थक ठरवू लागला, किंवा कोणी ते सारे पूर्वीसारखेच चालावेत असे म्हणू लागला, तर दोघेही घाई करीत आहेत. उंदरांनीच २००७ साली दाखविले की प्रथिन सीचे रक्त पातळ करण्याचे सामर्थ्य बहुतांशी काढून टाकले, तरी त्याचे रक्षणाचे सामर्थ्य उरते. १९९१ साली बबूनने जे सुचविले होते त्याचा हा पडताळा होता, पण तो येईपर्यंत मूळ औषध बाजारात सहा वर्षे चालले होते आणि त्याच्याबरोबरचे रक्तस्रावही चालले होते.

कोविडच्या साथीत हा सारा विषय पुन्हा रुग्णालयांच्या दारात येऊन उभा राहिला. २०२० साली फुप्फुसाच्या दाहाने आलेल्या रोग्यांच्या लहानमोठ्या वाहिन्यांत गुठळ्या आढळू लागल्या, तेव्हा हेपारिनची आठवण जगभर झाली. या वेळी वैद्यांनी एक गोष्ट अधिक शहाणपणाने केली: रोग्यांचे दोन गट वेगळे ठेवले. एक, ज्यांना इस्पितळात दाखल केले आहे पण ज्यांचे अवयव अजून सावरून आहेत असे. दुसरा, ज्यांना कृत्रिम श्वासाचा वा तत्सम आधार द्यावा लागला आहे असे. २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाले. पहिल्या गटात पूर्ण मात्रेने दिलेल्या हेपारिनने अवयव निकामी होणे कमी झाले. दुसऱ्या गटात त्याने काहीही लाभ झाला नाही, आणि त्या गटातील परीक्षा डिसेंबर २०२० मध्येच थांबविण्यात आली होती.